वर्डमध्ये सभासद अर्ज करण्याआधीची तयारी

खरिपाच्या तोंडावर शेतकरी कंपनीचे सभासद अर्ज वर्डमध्येच भरून घ्यायचे असतील, तर आधी सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक पासबुकाची एकेक प्रत समोर ठेवा. रकान्याचा प्रकार या कागदांवरूनच ठरतो.

भरायचे रकाने वर्डच्या 'डेव्हलपर' टॅबमधून घालता येतात. तो टॅब दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन इथे त्यावर खूण करा. मजकूर मंगल किंवा निर्मला यूआय अशा युनिकोड फाँटमध्ये हवा. कृतिदेवमधला जुना अर्ज तो फाँट नसलेल्या संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरं दाखवतो. मांडणी टेबलात करा आणि टेबलाचं 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स' बंद ठेवा, नाहीतर लांब नाव पडताच शेजारचा रकाना आकसतो.

खरी मेहनत आकड्यांच्या रकान्यांत आहे. अक्षरमर्यादा लावायची सोय 'डेव्हलपर' टॅबमधल्या 'लेगसी फॉर्म्स'च्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या रकान्यांच्या, टेक्स्ट फील्डमध्ये मिळते: आधार १२, मोबाईल १०, पिनकोड ६, आयएफएससी ११. प्रकार मात्र 'रेग्युलर टेक्स्ट'च ठेवा. खाते क्रमांकाला 'नंबर' प्रकार आणि आकड्यांचा फॉरमॅट दिला तर सुरुवातीची शून्यं गळतात किंवा मध्ये स्वल्पविराम येतात. गट क्रमांक १४५/२/अ असा असेल तर तो त्यात बसणारच नाही. क्षेत्रासाठी हेक्टर आणि आर असे दोन वेगळे रकाने करा. एकाच रकान्यात १.२ लिहिलं, तर दोन आर की वीस आर, हा घोळ पुढे निस्तरत बसावा लागतो. नावाला मर्यादा लावूच नका: 'ज्ञानेश्वर' डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, वर्ड मात्र काना, मात्रा, हलन्त धरून दहा मोजतं.

तालुक्यांची ड्रॉप-डाउन यादी द्या. लातूर जिल्ह्याचे दहाही तालुके टाका आणि 'शिरूर अनंतपाळ' पूर्ण लिहा, कारण बीडमध्ये 'शिरूर कासार' आहे. जुन्या अर्जावरून जिल्ह्यांची नावं उचलली असतील तर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव तपासा. तारखेचा फॉरमॅट dd/MM/yyyy या क्रमाचा, म्हणजे दिवस, महिना, वर्ष असा ठेवा. सही-अंगठ्याची जागा कोरी सोडा.

शेवटी 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग'मध्ये 'फिलिंग इन फॉर्म्स' निवडून संरक्षण सुरू करा. त्याशिवाय लेगसी रकाने चालत नाहीत. त्याआधी एक बिनसंरक्षित मूळ प्रत वेगळी ठेवा, पासवर्ड विसरला तर तीच कामी येते. वाटायची फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. मग अर्ज ज्यांनी बनवला नाही त्यांच्याकडून, त्यांच्याच संगणकावर, खरा सातबारा घेऊन एकदा भरवून, छापून पाहा.