नाशिकजवळ कुटुंबासोबत सहलीला निघताय? जेवणाच्या या चुका टाळा

नाशिककरांना रविवारी जायला जागांची वाण नाही. सोमेश्वर आणि पांडवलेणी हाकेच्या अंतरावर, त्र्यंबकच्या बाजूला अंजनेरी आणि पहिने, थंडीत नांदूर मध्यमेश्वर. तरीही बऱ्याच घरांत परतताना चिडचिडच असते. याचं कारण बहुतेकदा डब्यातच सापडतं. कुठे जायचंय ते न पाहताच स्वयंपाक ठरतो.

सगळ्यात मोठी चूक भाताची. सकाळी गरम मसालेभात थेट डब्यात दाबून झाकण लावलं, की वाफेचं पाणी आतच सुटतं आणि तापलेल्या डिकीत दुपारपर्यंत भात आंबतो. भात परातीत पातळ पसरून निवू द्या, मग भरा आणि लवकर संपवा. वास बदलला किंवा तार सुटली, तर टाकून द्या. गरम करून चालवून घेऊ नका, कारण अशा भातात तयार होणारं काही जीवाणूंचं विष उकळल्यानेही जात नाही. दुपारी उशिरा जेवायचं असेल तर भाताचा हट्टच नको. दुधात कणीक भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि लोणचं न्यावं. दशम्या मऊ राहतात, आजी-आजोबांनाही चावतात. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र घरीच ठेवा. काकडी अख्खी न्या, तिथेच चिरा. आधी चिरून मीठ लावलं की डब्यात नुसतं पाणी होतं.

पांडवलेणीला आधी पोटभर जेवून मग पायऱ्या चढायला लागणं हा दुसरा घोळ. 24 लेणी आहेत, निवांत बघावीत. सकाळी हलकं खाऊन वर जा, उतरल्यावर जेवा. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगरावर तर वाटेत पिशवी उघडूच नका. प्लॅस्टिकचा आवाज झाला की माकडं येतात. पिशवी हिसकावलीच, तर सोडून द्या, ओढाताण करू नका. हौसेने केळी देणं हेही बंद करा, त्यानेच ती अंगावर येऊ लागतात.

पावसाळ्यात पहिने किंवा दुगारवाडीच्या धबधब्याला ओढ्यातल्या खडकांवर सतरंजी पसरलेली कुटुंबं दिसली की मला खरंच भीती वाटते. आपल्या डोक्यावर ऊन असतं, पण वर डोंगरात पाऊस झाला तर पाणी अचानक वाढतं. स्वच्छ पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत येऊ लागला, आवाज वाढला, तर डबे तसेच टाका आणि मुलांना घेऊन आधी उंचावर या. मुळात बसायचं ते काठापासून दूर.

नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. 2020 साली तो दर्जा जाहीर झाला. तिथे लोक अकराला पोहोचतात आणि पक्षी दिसत नाहीत म्हणून हिरमुसतात. पक्षी पाहायचे तर पहाटे निघा. अशा दिवशी मोठा स्वयंपाक जमणारच नाही, मग थर्मासमध्ये चहा, सोबत रात्रीच भाजलेले धपाटे आणि दही पुरे. खाणं गाडीपाशी उरकावं, पाणथळीच्या काठावर स्पीकर नको. मुलांना दुर्बीण आळीपाळीने द्या, आणि उरलेलं अन्न पाण्यात टाकू नका, परत घरी आणा.