ऑफिसची खुर्ची घेताना या चुका टाळा

गोव्यातल्या फोंड्यात माझं खुर्च्या दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक खुर्च्यांत दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच. खुर्ची धड असते, फक्त तिची आणि बसणाऱ्याची मापं जुळत नाहीत. दिवसाचे आठ-नऊ तास त्याच खुर्चीत काढणारी तरुण मुलं कमरेला हात लावून दुकानाची पायरी चढतात, तेव्हा जीव तुटतो. चपला घेताना आपण पाय घालून बघतो, शर्टाचं माप देतो. खुर्ची मात्र फोटो बघून मागवतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक: टेबल न मोजता खुर्ची घेणं

खुर्ची आणि टेबल ही जोडी आहे. एकाचं माप दुसऱ्याशिवाय काढताच येत नाही. आपल्याकडची बहुतेक टेबलं, मग ती ऑफिसची असोत की जेवणाची, ७५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असतात. ही उंची चांगल्या उंच पुरुषाला जमते. पाच फुटांच्या बाईला ती जवळजवळ छातीशी येते.

आमच्या साखळी गावचं एक कुटुंब आहे. मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, दिवसभर जेवणाच्या टेबलावर. वडिलांनी हौसेनं तिला मोठी, लाल-काळी गेमिंग खुर्ची आणून दिली. काही महिन्यांत तिच्या मांड्यांना मुंग्या येऊ लागल्या, संध्याकाळी पाय सुजायला लागले, मान आणि खांदे तर कायमचे आखडलेले. वडील खुर्ची गाडीत घालून माझ्याकडे घेऊन आले. "भाई, एवढे पैसे घातले, हिच्यात काहीतरी फॉल्ट आहे, बघ जरा."

मी म्हटलं, खुर्ची ठेवा, पण मुलीला आणा आणि घरचं टेबल मोजून या.

मुलगी आली. तिला साध्या स्टुलावर बसवून मी टेप लावली. जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत ३८ सेंटिमीटर. खांदे सैल सोडून हात कोपरात वाकवला, तर बैठकीपासून कोपर २१ सेंटिमीटरवर. म्हणजे पाय जमिनीवर सपाट टेकवून बसायचं तर तिला टेबल साधारण ५९ सेंटिमीटरचं हवं. घरचं टेबल होतं ७५. आणि ती खुर्ची खाली येऊन येऊन ४६ पर्यंतच येत होती. पाय लोंबकळत होते, बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतत होती, आणि हात टेबलावर पोचवायला खांदे दिवसभर वर उचललेले. मुंग्या, सूज, मानदुखी, तिन्हींचा उगम तिथेच होता.

त्यावर आणखी एक. त्या खुर्चीची बैठक पुढून मागे खूप खोल होती. पाठ टेकवावी तर कड पोटरीला लागायची, म्हणून ती कायम पुढच्या कडेवर बसायची. खुर्चीला एवढी मोठी पाठ असूनही तिचा तिला काडीचा उपयोग नव्हता. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. त्याहून कमी जागा असेल तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे, कितीही महाग असली तरी.

या गेमिंग खुर्च्यांचा आकार शर्यतीच्या गाडीतल्या सीटवरून घेतलेला आहे. त्या सीटच्या बाजूच्या उंच कडा असतात त्या वळणावर ड्रायव्हर बाजूला फेकला जाऊ नये म्हणून. साखळीच्या घरात जेवणाच्या टेबलापाशी कुठलं वळण आलंय? तिथे त्या कडा फक्त मांड्या आवळतात आणि खांदे पुढे ढकलतात. भारदस्त दिसतं म्हणून लोक घेतात आणि मला हे समजावून सांगताना दर वेळी वाईट वाटतं, कारण तोवर पैसे गेलेले असतात.

शेवटी काय केलं, तर ती खुर्ची तिच्या उंच भावाला दिली. टेबलाचे पाय कापा, असं मी सुचवून पाहिलं, पण ते आजोबांच्या वेळचं फणसाचं टेबल, वडिलांचा जीव होईना. ते मला पटलंही. मग तिच्यासाठी कमी खोलीची, बैठक पुढे-मागे सरकणारी खुर्ची घेतली, ती ५३ सेंटिमीटरवर चढवली, म्हणजे कोपर टेबलाच्या पातळीला आलं. पायाखाली १५ सेंटिमीटरचा उतरता लाकडी पाट करून दिला. पाट गुळगुळीत नको, पाय घसरतात. मी वरून रबराची पट्टी मारतो.

तेव्हा दुकानात जाण्याआधी तीन मापं कागदावर लिहा: गुडघ्यामागची उंची, बैठकीपासून कोपराची उंची, टेबलाची उंची. घरात अनवाणी बसत असाल तर अनवाणी मोजा, ऑफिसला बूट घालत असाल तर बुटासकट. ऑनलाइन घेताना बैठकीची सगळ्यात कमी उंची किती आणि खोली किती, हे दोन आकडे शोधा. विक्रेत्यानं ते दिलेच नसतील तर ती खुर्ची सोडून द्या. आवडलेली खुर्ची थोडीच उंच पडत असेल तर हायड्रॉलिक (खुर्ची वर-खाली करणारी बैठकीखालची नळी) बदलून आखूड बसवता येतं, हे फार लोकांना ठाऊक नसतं.

गोव्याच्या हवेत काळं चकचकीत लेदर

ही माझी दुसरी दुखरी नस. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या चार महिन्यांत भिंतींना बुरशी येते, कपाटातल्या चपला हिरव्या होतात, आणि आपण खुर्ची घेतो पीयू लेदरची! हे लेदर म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतला दमटपणा त्या थराचे रासायनिक बंध हळूहळू तोडतो. आधी वरचा थर चिकट लागतो, मग भेगा पडतात, मग शर्टाला काळे तुकडे चिकटतात. वापर कमी असला तरी हे होतं, बंद खोलीत तर जास्तच.

पणजीतल्या एका ऑफिसनं सगळ्या केबिनांना अशा उंच पाठीच्या खुर्च्या एकदम घेतल्या होत्या. मी त्यांना जाळीच्या पाठीच्या खुर्च्या सांगितल्या होत्या. "जाळी साहेबाला शोभत नाही," असं उत्तर मिळालं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्या खुर्च्या माझ्या दुकानात आल्या तेव्हा हात लावला की पापुद्रे निघत होते. फोमला वास येत होता. दोन खुर्च्यांचा स्क्रू गंजून इतका बसला होता की ड्रिल मारून काढावा लागला. नवीन कव्हर शिवायला जो खर्च आला त्यात थोडी भर घातली असती तर जाळीच्या खुर्च्या सुरुवातीलाच आल्या असत्या. मला त्या कामाचे पैसे मिळाले, पण आनंद झाला नाही.

आपल्या जुन्या घरांतल्या आरामखुर्च्या बघा. वेताची विणलेली बैठक, वेताची पाठ. त्या काळच्या सुतारांना इथली हवा कळत होती. वारा आरपार गेला पाहिजे, घाम सुकला पाहिजे. आजच्या खुर्चीची जाळी तेच काम करते. १९९४ साली अमेरिकेत बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी केलेली एरॉन खुर्ची बाजारात आली, तिची पाठ आणि बैठक दोन्ही जाळीची होती. तेव्हा ती विचित्र दिसते म्हणणारे खूप होते. तिची आणखी एक गोष्ट मला फार पटते: ती लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांत मिळते. सगळ्यांना एकच माप चालतं हा समज त्यांनी बाजूला ठेवला. ती खुर्ची घ्या असं मी म्हणत नाही, किंमत आपल्या आवाक्याबाहेरची असते. विचार मात्र तो हवा.

माझी शिफारस ठरलेली आहे: पाठ जाळीची, बैठक कापडाच्या कव्हरची आणि आत मोल्डेड फोम. स्वस्त जाळीची बैठक वर्षभरात झोळीसारखी खाली येते, म्हणून बैठकीला फोमच बरा. किनाऱ्याजवळ, मिरामार, कांदोळी, कोलवा अशा भागात राहत असाल तर क्रोमचा स्टीलचा बेस घेऊ नका, खारी हवा तो खाते. जाड नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा घ्या. चतुर्थीला घर बंद करून गावी जाताना खुर्ची भिंतीला टेकवून ठेवू नका आणि प्लास्टिकनं झाकूही नका.

ताठ बसण्याचा हट्ट

शाळेत "सरळ बस" ऐकून मोठे झालेले लोक खुर्चीची पाठ नव्वद अंशांत लॉक करतात आणि तशीच ठेवतात. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला होता. आधाराशिवाय बसल्यावर तो दाब उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. पुढच्या अभ्यासांत दिसलं की पाठ थोडी मागे झुकवली आणि कमरेला आधार दिला की दाब उतरतो. मी १०० ते ११० अंशांवर ठेवायला सांगतो. लॉक काढा. बैठकीखाली गोल नॉब असतो, तो तुमच्या वजनानुसार फिरवा, इतका की मागे रेलताना खुर्चीनं तुम्हाला तोलून धरलं पाहिजे. हा नॉब कशासाठी आहे हे न विचारताच वर्षानुवर्षं बसणारे लोक मी पाहिलेत. विचारायला एक मिनिट लागतं.

खुर्चीतला कमरेचा आधार, आपण पट्टा बांधतो तिथे यायला हवा. तो वर-खाली होत नसेल तर तो कोणाच्या तरी कमरेसाठी आहे, तुमच्या असेल याची खात्री नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात

दुकानात दोन मिनिटं बसून खुर्ची ठरवू नका. पहिली दोन मिनिटं मऊ खुर्ची नेहमीच छान वाटते. लॅपटॉप घेऊन जा, अर्धा तास बसून काम करा. दुकानदार नको म्हणत असेल तर दुसरं दुकान बघा.

खुर्चीचे हात टेबलाखाली जात नसतील तर तुम्ही टेबलापासून लांब बसणार आणि पुढे वाकणार. हात खाली-वर होणारे घ्या, नाहीतर चार बोल्ट काढून हात काढून टाका.

वाईट खुर्चीवर उशी टाकून ती सुधारत नाही. बैठक वर जाते आणि आधीची सगळी मापं बिघडतात.

बिफ्माचं (ही फर्निचर बनवणाऱ्यांची अमेरिकेतली संघटना) प्रमाणपत्र बघा, पण त्याचा अर्थ समजून घ्या. ऑफिसच्या खुर्च्यांची जी बिफ्मा चाचणी असते ती खुर्ची मजबूत आहे, मोडणार नाही, कलंडणार नाही, एवढं तपासते. ती तुमच्या कमरेला मानवेल की नाही हे त्यात येत नाही.

टाईल्सवर कडक नायलॉनची चाकं घसरतात आणि ओरखडे काढतात. मऊ पीयूची घाला. बहुतेक खुर्च्यांना ११ मिलिमीटरच्या दांड्याची चाकं लागतात, घरीच ओढून बदलता येतात.

खुर्ची आपोआप खाली बसू लागली तर हायड्रॉलिकचं सील गेलं. नळीभोवती पीव्हीसी पाइपचा तुकडा अडकवायचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो. कृपा करून करू नका. उंची एकाच जागी अडकते आणि बिघडलेल्या भागावर रोज बसणं चालू राहतं. हायड्रॉलिक उघडायचा प्रयत्न तर अजिबात नको, आत मोठ्या दाबाखाली नायट्रोजन असतो. नवीन बसवून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवून मान दुखते म्हणून खुर्चीला दोष देऊ नका. लॅपटॉप स्टँडवर, कीबोर्ड वेगळा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला. आणि कितीही चांगली खुर्ची असली तरी अर्ध्या तासानं उठा. मी पाण्याचा तांब्या मुद्दाम टेबलावर ठेवत नाही, पाणी प्यायला आत जावंच लागतं.

पैसे कमी असतील तर नवी स्वस्त खुर्ची घेण्यापेक्षा चांगल्या बनावटीची जुनी घ्या, हे माझं ठाम मत आहे. पर्वरी, पणजीत ऑफिसं हलतात, बंद होतात, तेव्हा उत्तम खुर्च्या निघतात. घेताना ती उलटी करा. बैठकीखालच्या चिकटपट्टीवर बहुतेक वेळा बनवल्याची तारीख असते. बेसच्या पाचही पायांच्या मुळाशी तडे आहेत का ते बोट फिरवून बघा. सरळ करून पूर्ण उंचीवर चढवा आणि तीवर बसूनच बाकीचं बोलणं करा. उठताना बैठक खाली आलेली दिसली, तर नव्या हायड्रॉलिकचे पैसे भावातून कापून घ्या.