निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ऑनलाइन कमाई कशी उभी करायची

निवृत्तीनंतर ऑनलाइन काहीतरी सुरू करू असं म्हणणारे बहुतेक जण निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात लॅपटॉप उघडतात. तेव्हा उशीर झालेला असतो. पगार चालू असताना पडेल त्या भावात काम घ्यावं लागत नाही आणि त्रासदायक ग्राहकाला सरळ नाही म्हणता येतं. पहिल्या चार-सहा महिन्यांत हातात जवळपास काहीच पडलं नाही तरी घरखर्च अडत नाही. म्हणून सुरुवात दीड-दोन वर्षं आधी करा, आठवड्याला ८ ते १० तास देऊन. त्याहून जास्त नको, नोकरी आणि झोप दोन्हींवर परिणाम होतो.

कामाला लागण्याआधी नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरच्या कामाला परवानगी लागते का, गोपनीयतेचं कलम काय आहे, निवृत्तीनंतर ठरावीक काळ स्पर्धक कंपनीचं काम करायला बंदी आहे का, या तीन गोष्टी शोधा. शंका असेल तर विचारणा लेखी करा आणि उत्तरही लेखी घ्या. काही देशांत ठरावीक वयाआधी कमाई केली तर निवृत्तिवेतन कमी होतं. तुमच्याकडचा नियम संबंधित कार्यालयातून आधीच समजून घ्या. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल आणि ऑफिसची वेळ या कामाला अजिबात वापरू नका.

विकायचं काय

नवं काही शिकून त्यात उडी मारण्याआधी एक साधी यादी करा. गेल्या वर्षभरात सहकारी तुमच्या टेबलापाशी काय विचारायला आले? 'हा ताळमेळ बसत नाही, बघता का', 'या पत्राची भाषा जरा नीट करून द्या', 'हे मशीन पुन्हा बंद पडलं, कुठून सुरुवात करू'. लोक आधीपासून जे तुमच्याकडून फुकट घेतात, त्यालाच बाहेर गिऱ्हाईक असतं.

पण 'मला ३० वर्षांचा लेखा विभागाचा अनुभव आहे' ही विकण्याची वस्तू नव्हे. वाचणाऱ्याला त्यातून आपलं कोणतं काम होईल हे कळत नाही. तेच असं लिहा: 'लहान व्यवसायांचं महिन्याचं बँक खातं आणि हिशेबाची वही जुळवून देतो. १०० नोंदींपर्यंत. न जुळलेल्या नोंदींची यादी कारणासह. कागद मिळाल्यापासून ३ दिवसांत.' इथे काम किती, हातात काय मिळणार आणि कधी, हे तिन्ही आलं. शिक्षकाने 'गणित शिकवतो' म्हणू नये. 'अपूर्णांकात अडकलेल्या मुलांसाठी ४५ मिनिटांचे ८ तास' म्हणावं. अभियंत्याने 'सल्लागार' म्हणवून घेण्यापेक्षा 'देखभालीचं वेळापत्रक तपासून २ पानी शेरा देतो' म्हणावं. पहिल्या सहा महिन्यांत अशी एकच सेवा ठेवा. पाच सेवा मांडल्या की एकही पक्की वाटत नाही.

भाषांतर, लेखन आणि ध्वनिमुद्रण ऐकून उतरवण्याच्या कामांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. यंत्र आता पहिला मसुदा काही मिनिटांत देतं, त्यामुळे नुसत्या टंकलेखनाला भाव राहिलेला नाही. पैसे मिळतात ते तपासण्याचे आणि चुकीची जबाबदारी घेण्याचे. तुमचा विषय कायदा, वैद्यक किंवा यंत्रशास्त्र असेल तर 'यंत्राने केलेलं भाषांतर तज्ज्ञाकडून तपासून' ही सेवा चालते. एक तासाचं स्वच्छ ध्वनिमुद्रण हाताने उतरवायला सुमारे चार तास लागतात. हा हिशेब न करता ध्वनिमुद्रणाच्या तासाच्या भावाने काम घेतलेले लोक पहिल्याच आठवड्यात वैतागतात. ग्राहकाचे गोपनीय कागद कोणत्याही सार्वजनिक एआय साधनात त्याला न विचारता टाकू नका.

नमुने

ग्राहक पदव्या फारशा पाहत नाही, तो नमुना उघडतो. तीन नमुने पुरतात, प्रत्येक एक-दोन पानांचा. ते काल्पनिक आकड्यांवर नव्याने तयार करा. ऑफिसची फाइल नाव खोडून वापरू नका. पीडीएफवर काळा चौकोन ओढला की मजकूर फक्त झाकला जातो. तो निवडून कॉपी करता येतो. एक्सेलमध्ये लपवलेल्या शीट तशाच राहतात, वर्डमध्ये जुन्या दुरुस्त्या आणि लेखकाचं नाव फाइलसोबत जातं. यातून कंपनीची माहिती फुटली तर निवृत्तीचे हिशेबही अडकू शकतात.

सर्वांत उपयोगी नमुना 'आधी आणि नंतर' असा असतो. डावीकडे गोंधळलेला तक्ता, उजवीकडे तुम्ही लावलेला, खाली तीन ओळी: काय चुकलं होतं, कसं सापडलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं. तुमचा ३० वर्षांचा अनुभव खरा दिसतो तो या तीन ओळींत.

दर ठरवताना

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि स्वतःच स्वतःला फसवतात. चलन कोणतंही धरा. महिन्याला १२,००० हातात पडावेत अशी इच्छा आहे आणि महिन्याला ४० तास देता येतात. सरळ भागाकार केला तर तासाला ३०० येतात. आता खरा हिशेब बघा.

४० तासांतले साधारण २४ तासच पैशांचे असतात. उरलेले प्रस्ताव लिहिण्यात, उत्तरं देण्यात, बिल करण्यात आणि फुकट जाणाऱ्या चौकशांत जातात. कराची तजवीज म्हणून २० टक्के बाजूला ठेवायचे, म्हणजे हातात १२,००० यायला १५,००० हवेत. इंटरनेट, सॉफ्टवेअर, वीज आणि पैसे वळते करण्याचा खर्च १,२०० धरा, झाले १६,२००. मंचाचं, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या संकेतस्थळाचं, कमिशन २० टक्के असेल तर ग्राहकाने २०,२५० द्यायला हवेत. ते २४ तासांवर वाटले की तासाला सुमारे ८४४ पडतात. म्हणजे ३०० नव्हे, ८५०. तुमचे स्वतःचे आकडे घालून हा हिशेब कागदावर एकदा करा.

सुरुवातीला ओळख नसते म्हणून दर थोडा उतरवावा लागला तर फक्त पहिल्या तीन कामांपुरता उतरवा, आणि बिलावर पूर्ण दर लिहून सवलत वेगळ्या ओळीत दाखवा. नाहीतर चौथ्या कामाला तोच ग्राहक 'दर का वाढवला' म्हणतो. तासाचा हिशेब स्वतःपुरता ठेवून ग्राहकाला पूर्ण कामाचा आकडा सांगणं अनुभवी माणसाला फायद्याचं, कारण त्याचं काम लवकर होतं आणि तासावर गेलं तर त्या हुशारीचाच तोटा होतो.

पहिलं काम कुठून येतं

मंचांच्या जाहिराती काहीही म्हणोत, पहिलं काम बहुधा ओळखीतून येतं. जुने पुरवठादार, दुसऱ्या कंपनीत गेलेले सहकारी, व्यावसायिक संघटनेतली माणसं अशी ३० नावं काढा आणि प्रत्येकाला वेगळा, पाच ओळींचा निरोप लिहा. सरसकट एकच निरोप पाठवला की तो सरसकट दुर्लक्षिलाही जातो. मात्र सध्याच्या कंपनीचे चालू ग्राहक या यादीत घेऊ नका.

सोबत एका मंचावर खातं उघडा. फायव्हरवर तुम्ही सेवा मांडून ठेवता आणि ग्राहक शोधत येतो. तिथे विक्रेत्याच्या रकमेतून २० टक्के कापले जातात, आणि काम सुपूर्द केल्यावर ग्राहकाने ३ दिवसांत काही म्हटलं नाही तर ते पूर्ण झालं असं धरलं जातं. त्यानंतरही नव्या विक्रेत्याचे पैसे मोकळे व्हायला १४ दिवस लागतात. अपवर्कवर उलट, तिथे ग्राहकाच्या जाहिरातीला तुम्ही प्रस्ताव पाठवता, आणि त्यासाठी 'कनेक्ट्स' नावाची तिथली टोकनं खर्ची पडतात. म्हणून दिसेल तिथे अर्ज करू नका. तासाच्या कामात अपवर्कचं ॲप तुमच्या स्क्रीनची चित्रं मधूनमधून टिपतं, त्या वेळी बँकेचं पान उघडं नको. ठोक कामात ग्राहकाने टप्प्याची रक्कम मंचाकडे आधी जमा केली आहे हे पाहिल्याशिवाय काम सुरू करू नका.

प्रस्तावाची पहिली ओळ स्वतःबद्दल नको, ग्राहकाच्या अडचणीबद्दल हवी. 'तुमच्या तक्त्यात मार्चच्या नोंदी दोनदा आल्यासारख्या दिसतात. कारण बहुधा आयात करताना तारखेचा क्रम बदलला' असं लिहिणाऱ्याला उत्तर येतं. 'आदरणीय महोदय, मी अत्यंत प्रामाणिक' लिहिणाऱ्याला येत नाही.

मंचाबाहेरच्या कामात अर्धी रक्कम आगाऊ घ्या. कामाची व्याप्ती, तारीख, दुरुस्तीच्या फेऱ्या (दोन पुरतात) आणि त्यापुढच्या फेरीचा दर ईमेलवर लिहून घ्या. 'एवढं जरा करून द्या ना' हे वाक्य सर्वांत महाग पडतं, आणि आयुष्यभर सहकार्याची सवय असलेल्या माणसाला ते नाकारणं जड जातं. उत्तर तयार ठेवा: 'करतो, हे आधीच्या कामात नव्हतं, याचे इतके होतील.'

साधनं

नवा संगणक घेऊ नका. चार-पाच वर्षं जुना, ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप कागदपत्रांच्या आणि शिकवण्याच्या कामाला चालतो. पैसे घालायचेच तर मायक्रोफोनवर घाला. चित्र थोडं धूसर चालतं, आवाज घुमला की माणूस कॉल संपवतो. कॉलर माइक हनुवटीपासून १५ ते २० सेंटिमीटर खाली लावा, खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, आणि लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा. इंटरनेट मोजताना डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग पाहा; व्हिडिओ कॉलला तो सतत ३ ते ४ एमबीपीएस मिळायला हवा. वेग पुरेसा असूनही चित्र अडकत असेल तर दोष बहुतेक वेळा वायफायचा, राउटरपासून केबल लावली की सुटतो.

'झोपेत पैसे' या प्रकाराबद्दल

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असणं लागतं, किंवा शॉर्ट्सना ९० दिवसांत १ कोटी दृश्यं. उडेमी या ऑनलाइन अभ्यासक्रम विकणाऱ्या मंचावर अभ्यासक्रम टाकायला किमान ३० मिनिटांचे व्हिडिओ आणि ५ पाठ पुरतात. तिथे तुमच्या दुव्यावरून आलेल्या विक्रीत मोठा वाटा तुमचा असतो, मंचाने शोधून दिलेल्या विद्यार्थ्यात मोठा वाटा मंचाचा. वाचकवर्ग आधीपासून नसेल तर हे मार्ग दोन वर्षांत घरखर्चाला हातभार लावतील असं धरून चालू नका. ग्राहकांनी विचारलेल्या प्रश्नांतून अभ्यासक्रम आपोआप तयार होत जातो, तो नंतर करा.

परदेशी कंपनीकडून पैसे येणार असतील तर कराचे अर्ज आधी भरा. अमेरिकी कंपन्या बिगर-अमेरिकी माणसाकडून डब्ल्यू-८बेन हा अर्ज मागतात. तो न भरल्यास स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) ३० टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. पैसे दर आठवड्याला न काढता महिन्याला एकदा काढा, दर वेळचं शुल्क वाचतं, आणि चलन बदलताना दरात लपलेला फरकही तपासा.

फसवणूक

निवृत्तीची एकरकमी पुंजी हाती येणार असलेला माणूस ठगांना हवाच असतो. काम मिळवण्यासाठी पैसे भरायला सांगणारा, मग तो त्याला प्रशिक्षण म्हणो वा अनामत, तिथेच सोडा. व्हिडिओ लाइक करण्याचे पैसे देणारे पहिल्या दिवशी खरोखर थोडी रक्कम देतात. तो गळ असतो, पुढे 'मोठ्या टास्क'साठी तुमच्याकडून भरणा मागतात आणि ती रक्कम परत येत नाही. चुकून जास्त पैसे पाठवले, फरक परत करा, म्हणणाऱ्याचा आधीचा भरणा नंतर रद्द होतो. मुलाखतीसाठी स्क्रीनचा ताबा देणारं ॲप टाकायला लावणारा, तुमचं मंचावरचं खातं भाड्याने मागणारा, आणि तुमच्या बँक खात्यातून पैसे पुढे पाठवायला सांगणारा यांतला शेवटचा सर्वांत घातक, कारण त्यात गुन्हा तुमच्या नावावर चढतो. या कामाचं बँक खातं वेगळं ठेवा, त्यात थोडीच रक्कम असू द्या, आणि निवृत्तीची पुंजी असलेलं खातं कोणत्याही मंचाला जोडू नका.

शेवटचा महिना

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसचा ईमेल बंद होतो आणि त्यावर उघडलेली सगळी खाती त्यासोबत जातात. म्हणून महिनाभर आधी लिंक्डइन आणि प्रत्येक मंचावर वैयक्तिक ईमेल मुख्य करा आणि मगच ऑफिसचा काढून टाका. दुहेरी पडताळणीचं ॲप ऑफिसच्या फोनवर असेल तर ते स्वतःच्या फोनवर हलवा. राखीव कोड (फोन हरवल्यास खातं उघडायला लागणारे) कागदावर छापून कपाटात ठेवा. शिफारसपत्रं खुर्चीवर असतानाच मागा, 'दोन ओळी लिहा' असं न म्हणता कोणत्या कामाबद्दल लिहायचं तेही सुचवा. निरोप समारंभानंतर वरिष्ठांना फोन उचलायला वेळ नसतो.