गणिताचा संच मागवण्याआधी शेवटची पानं सोडवून घ्या

मुलांना घरीच शिकवायचं ठरलं की गणिताच्या पुस्तकांचा कोणता संच घ्यावा यावर खल सुरू होतो. वय बघून मागवलेला संच बरेचदा एकतर फार सोपा निघतो, नाहीतर डोक्यावरून जातो. म्हणून आधी फुकटच्या पुस्तकातली शेवटची पानं सोडवून घेऊन मूल कुठवर आलंय ते बघा.

1. बालभारती आणि एनसीईआरटीची पहिली-दुसरीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मराठीतून शिकवणार असाल तर सरळ बालभारती घ्या.

2. अख्खं पुस्तक छापू नका. सरावाची शेवटची पाच-सहा पानं पुरेत. ठाण्यात गोखले रोडला गेलात की झेरॉक्सवाल्याकडून काढून घ्या.

3. मूल सोडवत असताना गप्प बसा. (आईबापांना हेच सगळ्यात जड जातं.) उत्तरापेक्षा हाताकडे बघा. 8 + 5 करताना पुन्हा एकपासून बोटं मोजतंय, की आठ मनात धरून पुढे नऊ, दहा, अकरा म्हणतंय? मग चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करा, थोडे सुटे ठेवा आणि 43 मागा. चार ढीग आणि तीन सुटे उचलले तर दशक कळलंय. एकेक मोजत बसलं तर हातच्याची घाई नको, मग वय काही का असेना.

4. जिथे अडलं, त्याच्या एक धडा आधीपासून सुरुवात होईल असाच संच निवडा.

परदेशी संच घेताना जपून: अमेरिकन पुस्तकांत डॉलर-सेंट आणि इंच असतात, शिवाय एक लाख 1,00,000 ऐवजी 100,000 असा लिहितात. पुढे एनआयओएसमधून (शाळेत न जाता परीक्षा देता येणारी राष्ट्रीय मुक्त शाळा) परीक्षा द्यायची असेल, तर त्यांची 'अ' पातळी तिसरीच्या बरोबरीची आहे. तोवर रुपये, मीटर आणि आपला स्वल्पविराम पक्का हवा.