ब्रिटनमध्ये छोटा व्यवसाय: स्वतःच्या नावावर की लिमिटेड कंपनी?

गोवेकराला इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात डबे पुरवायचे असोत की वाणसामानाचं दुकान टाकायचं असो, कर कुठे कमी बसेल हा विचार मागाहून करा. आधी दोन गोष्टी बघा: पैसा कुठून येणार आणि व्यवसाय चालवणारा कुठे राहतो.

भांडवल गोव्यातून जाणार असेल, तर निवड बहुतेक ठरलेलीच असते. २०२२च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे भारतात राहणाऱ्या माणसाला मर्यादित जबाबदारीच्या, म्हणजे लिमिटेड कंपनीसारख्या, संस्थेतच पैसे गुंतवता येतात. मित्राच्या नावावरच्या दुकानात भागीदार म्हणून पैसे घालणं त्यात बसत नाही. घरखर्च म्हणून पाठवले, तर नफा परत आणताना बँक कागद मागते आणि सगळं अडतं. मर्यादा आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर. पैसे निघण्याआधी बँकेत एफसी फॉर्म (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज) भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्या. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत द्या. वाटा १० टक्के किंवा जास्त असेल, तर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक अहवालही द्यावा लागतो. तो राहिला, तर विलंब नियमित होईपर्यंत पुढची गुंतवणूक पाठवता येत नाही.

तिथेच राहणाऱ्याने व्हिसा तपासावा. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा व्यवसाय चालत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर जाऊन सेटल्ड स्टेटस (ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा हक्क) मिळालेल्यांना ही आडकाठी नाही.

एकट्याने, थोड्या भांडवलात डबे सुरू करणाऱ्याला स्वतःच्या नावावरचा व्यवसाय पुरतो. करवर्ष ५ एप्रिलला संपतं. विक्री १,००० पौंडांच्या वर गेली, तर पुढच्या ५ ऑक्टोबरपर्यंत कर खात्याकडे नोंदणी करा. खाद्यपदार्थ असतील, तर सुरुवातीच्या २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडेही. धोका एकच, पण मोठा: धंद्याचं देणं हे तुमचंच देणं. माणसं कामाला ठेवायची किंवा दुकानाचा लांबचा भाडेकरार करायचा झाला, की कंपनी काढा.

कंपनीला ब्रिटनमधला खरा पत्ता लागतो, पोस्ट बॉक्स चालत नाही. नोव्हेंबर २०२५पासून संचालकाची ओळख-पडताळणी सक्तीची आहे. व्यवहार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत कॉर्पोरेशन टॅक्सची नोंदणी करा. ५०,००० पौंडांपर्यंतच्या नफ्यावर दर १९ टक्के. वार्षिक हिशेब एक दिवस जरी उशिरा गेला, तरी १५० पौंड दंड.

आता गोवेकरांनी नीट लक्ष द्यायचा भाग. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल, तर गोव्यात लागू असलेल्या नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. सामाईक पैशातून घेतलेल्या शेअरांत, कागदावर एकच नाव असलं, तरी जोडीदाराचा अर्धा हक्क येतो. पगार सोडून बाकी उत्पन्नही आयकरात दोघांत निम्मं विभागलं जातं. हे कंपनीच्या हिशेबनिसाला पहिल्याच भेटीत सांगा. ब्रिटनमधल्या हिशेबनिसाला ते ठाऊक असेलच असं नाही.

आणि 'मर्यादित जबाबदारी' या शब्दांवर विसंबू नका. नव्या कंपनीला कर्ज देताना बँक आणि गाळा देताना मालक संचालकाची वैयक्तिक हमी मागतात. ती सही केली, की तेवढ्या रकमेपुरती कंपनीची ढाल उरत नाही. हमीवर रकमेची कमाल मर्यादा लिहून घ्या. गोव्यातलं घर तारण ठेवायचं असेल, तर जोडीदाराची सहीही लागेल, म्हणून घरातली चर्चा बँकेत जाण्याआधी उरका.