अँटिबॉडी चाचणीचा अहवाल कसा वाचावा

कोविड-१९च्या साथीत अँटिबॉडी चाचणीने दिलासा थोडा दिला आणि गोंधळ फार वाढवला. रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, एवढेच सांगतात की या विषाणूशी किंवा त्याच्या लशीशी शरीराची पूर्वी गाठ पडली होती. लोकांना मात्र ‘मला आज कोविड आहे का’ किंवा ‘मी आता सुरक्षित आहे का’ या प्रश्नांचे उत्तर हवे होते, आणि ते त्यांनी याच कागदावर शोधले. मोठा आकडा पाहून मास्क काढून ठेवणारे आणि लहान आकडा पाहून लस वाया गेली म्हणून खचून जाणारे, असे दोघेही आपल्या आसपास होते. जुना अहवाल अजून फाइलमध्ये असेल, किंवा पुढच्या एखाद्या साथीत असा अहवाल हाती पडेल, तर तो कोणत्या क्रमाने आणि किती विश्वासाने वाचावा, यासाठी हे लिहीत आहे.

आधी आपला प्रश्न तपासावा

ताप, खोकला, घसा दुखणे अशी लक्षणे आज असतील तर अँटिबॉडी चाचणीचा उपयोग नाही. त्यासाठी नाकातून किंवा घशातून स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर किंवा रॅपिड अँटिजन चाचणी करावी लागते. अँटिजन चाचणी विषाणूचा अंश शोधते, तर अँटिबॉडी चाचणी त्या विषाणूला शरीराने दिलेला प्रतिसाद शोधते. दोन्हींची रॅपिड किटे दिसायला सारखी, नावेही जवळची, त्यामुळे २०२०मध्ये अनेक घरांत एकीचा निकाल दुसरीचा म्हणून सांगितला गेला. कागद वाचण्यापूर्वी नमुना कशाचा घेतला होता हे पाहिले तर ही चूक टळते: अँटिबॉडीसाठी रक्त घेतात, अँटिजनसाठी स्वॅब.

रॅपिड अँटिबॉडी किटांबद्दलचा अविश्वास सर्वस्वी निराधार नव्हता. एप्रिल २०२०मध्ये भारताने चीनमधून सुमारे ५ लाख रॅपिड अँटिबॉडी किटे आणली. राजस्थानने त्यांची अचूकता केवळ ५.४ टक्के आढळल्याचे कळवले, आणि २७ एप्रिलला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, दोन कंपन्यांच्या त्या किटांचा वापर थांबवून ती परत पाठवण्यास राज्यांना सांगितले. अमेरिकेतही मार्च २०२०मध्ये अशा चाचण्यांना बाजार जवळजवळ मोकळा करून दिला होता आणि ४ मे रोजी तेथील औषध प्रशासनाला नियम कडक करावे लागले. म्हणून अहवालावर चाचणीची पद्धत कोणती लिहिली आहे, ते पाहणे महत्त्वाचे आहे. प्रयोगशाळेत यंत्रावर होणाऱ्या एलायझा किंवा क्लिया पद्धतीच्या चाचण्या सामान्यतः कार्डावरच्या रॅपिड चाचणीपेक्षा भरवशाच्या असतात.

रक्त कोणत्या दिवशी दिले

संसर्ग झाल्याबरोबर प्रतिपिंडे तयार होत नाहीत. लक्षणे सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात या चाचण्यांना खऱ्या रुग्णांपैकी जेमतेम ३० टक्के सापडतात, तर दोन आठवडे उलटल्यावर हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाते, असे जून २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, दिसले. आजारपणाच्या पाचव्या दिवशी रक्त देऊन आलेला ‘निगेटिव्ह’ शेरा म्हणूनच काहीही सिद्ध करत नाही. आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे लवकर येतात आणि लवकर ओसरतात, तर आयजीजी जास्त काळ टिकतात, असे पाठ्यपुस्तकात वाचायला मिळते. परंतु कोविडमध्ये ही दोन्ही अनेकदा जवळजवळ एकाच वेळी दिसली, त्यामुळे ‘आयजीएम आहे म्हणजे संसर्ग ताजा आहे’ असा तर्क फार ताणू नये.

कोणती प्रतिपिंडे मोजली

हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. विषाणूच्या बाहेरच्या काट्यांवर स्पाइक हे प्रथिन असते आणि आत जनुकीय सामग्रीला वेढणारे न्यूक्लिओकॅप्सिड नावाचे प्रथिन असते. अहवालात या दोहोंचा उल्लेख ‘एस’ आणि ‘एन’ या अक्षरांनी केलेला असतो. कोविशील्ड ही लस शरीराला फक्त स्पाइक ओळखायला शिकवते. त्यामुळे कोविशील्ड घेतलेल्या, पण कधीही संसर्ग न झालेल्या व्यक्तीच्या रक्तात ‘एस’ प्रतिपिंडे सापडतात आणि ‘एन’ सापडत नाहीत. २०२१च्या उन्हाळ्यात दोन मात्रा पूर्ण केलेले कित्येक लोक ‘एन’ मोजणारी चाचणी करून घेत, तिचा निकाल निगेटिव्ह आला की घाबरत, आणि लशीत भेसळ असल्याच्या अफवेवर विश्वास ठेवत. चाचणी त्यांना हवी ती गोष्ट मोजतच नव्हती.

कोव्हॅक्सिनचे गणित वेगळे आहे. ती निष्क्रिय केलेल्या संपूर्ण विषाणूपासून बनवलेली लस असल्याने तिच्यामुळे ‘एन’ प्रतिपिंडेही तयार होऊ शकतात. त्यामुळे कोव्हॅक्सिन घेतलेल्या व्यक्तीत ‘एन’ पॉझिटिव्ह आले तरी पूर्वी कोविड होऊन गेला, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. अहवालाच्या मागच्या बाजूला लशीचे नाव, दोन्ही मात्रांच्या तारखा आणि रक्त दिल्याची तारीख लिहून ठेवावी, कारण या चार गोष्टींशिवाय डॉक्टरांनाही त्या निकालाचा अर्थ लावता येत नाही.

आकडा आणि त्यामागचे एकक

‘माझ्या २५०, तुमच्या किती?’ हा संवाद त्या वर्षी सोसायट्यांच्या आवारात सर्रास ऐकू येत असे. एककाशिवाय हा प्रश्न निरर्थक आहे, कारण दहा तोळे आणि दहा ग्रॅम यांची नुसती ‘दहा’ म्हणून तुलना करण्यासारखाच हा प्रकार आहे. रोश या कंपनीच्या स्पाइक चाचणीत ०.८ युनिट प्रति मिलिलिटर हा पॉझिटिव्हचा उंबरठा आहे, तर ॲबट या कंपनीच्या स्पाइक चाचणीत तो ५० एयू प्रति मिलिलिटर आहे. म्हणजे ४० हा आकडा एका अहवालात उंबरठ्याच्या पन्नासपट भरतो आणि दुसऱ्यात निगेटिव्ह ठरतो. ‘२५०पेक्षा जास्त’ या शेऱ्याचा अर्थही बहुधा एवढाच असतो की नमुना पातळ न करता यंत्राला त्याहून वरचे मोजता आले नाही. ती शरीराची कमाल मर्यादा नव्हे आणि उत्तम गुणांची पावतीही नव्हे.

ही गैरसोय ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना निश्चित केला आणि त्यावरून बीएयू हे सामाईक एकक आले. ॲबटचा एयूमधील आकडा ०.१४२ने गुणला की तो बीएयूमध्ये येतो, म्हणजे ५० एयू म्हणजे साधारण ७.१ बीएयू. एवढे करूनही वेगवेगळ्या यंत्रांचे निकाल तंतोतंत जुळत नाहीत. एकाच व्यक्तीची प्रतिपिंडे वाढली की घटली हे पाहायचेच असेल, तर दोन्ही वेळा तीच प्रयोगशाळा आणि तीच चाचणी असावी.

आता मोठ्या आकड्याचा प्रश्न. सामान्य चाचण्या विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडे मोजतात, आणि त्यांतली विषाणूला निष्प्रभ करणारी किती, हे त्या थेट सांगत नाहीत. जुना विषाणू लक्षात ठेवणाऱ्या स्मरणपेशी आणि संसर्ग झालेल्या पेशींशी लढणाऱ्या टी पेशी यांची नोंद या चाचणीत होतच नाही. शिवाय ही मोजणी मूळ विषाणूच्या स्पाइकवर बेतलेली होती. नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉन या बदललेल्या विषाणूची माहिती जगाला दिली आणि पुढच्या काही आठवड्यांत मोठे आकडे बाळगणाऱ्या असंख्य लसवंतांनाही संसर्ग झाला. उलट बाजूने, आकडा घटत गेला तरी अनेकांचे गंभीर आजारापासूनचे संरक्षण टिकून राहिले. ‘इतके युनिट म्हणजे सुरक्षित’ अशी रेषा कोणत्याही अहवालावर काढता येत नाही. एप्रिल २०२०मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिपिंडांच्या आधारे प्रतिकारशक्तीचे प्रमाणपत्र देण्याच्या कल्पनेला विरोध केला होता, आणि मे २०२१मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लशीनंतरची प्रतिकारशक्ती जोखण्यासाठी या चाचण्या वापरू नयेत असे सांगितले. भारतातही लस घेण्यापूर्वी अँटिबॉडी तपासण्याची अट नव्हती. आकडा पाहून लशीची मात्रा टाळणे, किंवा घरातल्या वृद्धांबाबतची काळजी सोडून देणे, हे दोन्ही निर्णय या कागदावर उभे करू नयेत.

पॉझिटिव्ह आले, पण खात्री किती

चाचणी चांगली असली तरी तिचा पॉझिटिव्ह निकाल किती खरा, हे त्या भागात साथ किती पसरली आहे यावर अवलंबून असते. हे पचायला जड जाते, म्हणून खऱ्या आकड्यांवरून पाहू. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मे २०२०मध्ये कोविड कवच ही एलायझा चाचणी तयार केली. तिची संवेदनशीलता, म्हणजे संसर्ग झालेल्यांना ओळखण्याचे प्रमाण, ९२.३७ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे संसर्ग न झालेल्यांना निगेटिव्ह ठरवण्याचे प्रमाण, ९७.९ टक्के नोंदवले गेले. त्याच मे-जूनमध्ये आयसीएमआरच्या पहिल्या राष्ट्रीय सेरो सर्वेक्षणात, म्हणजे लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडे तपासणाऱ्या पाहणीत, प्रौढांमधील प्रादुर्भाव ०.७३ टक्के निघाला.

आता अशा १,००० लोकांची ही चाचणी केली असे धरू. त्यांत खरोखर संसर्ग झालेले सुमारे ७ असतील आणि त्यांपैकी ६ किंवा ७ सापडतील. उरलेल्या ९९३ जणांपैकी २.१ टक्के, म्हणजे जवळजवळ २१ जण, संसर्ग न होताही पॉझिटिव्ह दिसतील. एकूण पॉझिटिव्हांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चुकीचे! म्हणूनच त्या सर्वेक्षणात पॉझिटिव्ह नमुने दुसऱ्या एलायझा चाचणीने पुन्हा तपासले गेले. हीच चाचणी जिथे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला आहे अशा वस्तीत केली, तर १,००० लोकांत सुमारे ५२७ खरे पॉझिटिव्ह आणि केवळ ९ खोटे मिळतील. चाचणी तीच असताना एका ठिकाणी पॉझिटिव्हवर विश्वास ठेवणे धोक्याचे ठरते आणि दुसरीकडे जवळजवळ निर्धोक ठरते. आपल्या गावात साथ नुकतीच शिरली असेल, आपल्याला कधी लक्षणे आली नसतील आणि तरीही निकाल पॉझिटिव्ह असेल, तर वेगळ्या प्रकारच्या चाचणीने खातरजमा केल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

पावसाळ्यात आणखी एक गुंता होतो. सिंगापूरमध्ये २०२०च्या सुरुवातीला दोन रुग्णांच्या रॅपिड रक्तचाचणीत डेंग्यू दिसला, आणि प्रत्यक्षात त्यांना कोविड होता. महाराष्ट्रात जुलै ते ऑक्टोबर हा डेंग्यूचाही काळ असल्याने केवळ प्रतिपिंडांच्या रॅपिड कार्डावरून या दोहोंपैकी एकाचे निदान पक्के करू नये.

सर्वेक्षणाची बातमी वाचताना

जुलै २०२०मध्ये मुंबईतल्या आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर या तीन वॉर्डांच्या सर्वेक्षणात झोपडपट्टीत ५७ टक्के आणि बाहेर १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. ऑगस्टमध्ये पुण्यातून ५१.५ टक्क्यांची बातमी आली आणि ‘अर्ध्या पुण्याला कोविड होऊन गेला’ असे तिचे रूपांतर झाले. ते सर्वेक्षण रुग्णसंख्या जास्त असलेल्या पाच प्रभागांपुरते होते. त्यावरून संपूर्ण शहराला सामूहिक प्रतिकारशक्ती आली असे मानणाऱ्यांना सप्टेंबरमधली रुग्णवाढ आणि २०२१ची दुसरी लाट पाहावी लागली. मुंबईच्या दुसऱ्या फेरीत झोपडपट्टीतला आकडा ४५ टक्क्यांवर आला, तेव्हा ‘प्रतिकारशक्ती संपली’ अशी हाकाटी झाली. नमुन्यात कोण आले यावर, तसेच काही चाचण्यांवर ‘एन’ प्रतिपिंडे काही महिन्यांत दिसेनाशी होतात यावरही असे आकडे हलतात. त्यामुळे टक्केवारी वाचण्याआधी नमुने कोणत्या वस्तीतून, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या चाचणीने तपासले, हे बातमीत शोधावे. तेवढे नसेल तर तो आकडा इतरांना पाठवू नये.

एका प्रसंगी मात्र ही चाचणी मोलाची ठरते, आणि पालकांनी तो ध्यानात ठेवावा. कोविडनंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांमध्ये एमआयएस-सी हा अनेक अवयवांचा दाह होतो. मुलाला तीन किंवा अधिक दिवस ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी किंवा उलट्या असतील तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तोवर स्वॅब अनेकदा निगेटिव्ह येतो, मुलाला कोविड झाल्याचे घरात कोणाच्या लक्षातही आलेले नसते, आणि पूर्वीच्या संसर्गाचा पुरावा रक्तातल्या प्रतिपिंडांतूनच मिळतो. अशा वेळी चाचणी बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलीच करावी, आणि मागच्या दीड-दोन महिन्यांत घरात किंवा शेजारी कोणाला ताप-खोकला झाला होता का, हे त्यांना न विचारता सांगावे.