कुत्र्याची फटाक्यांची भीती घालवताय? मग या चुका टाळा

दरवर्षी गणपती झाले की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, आम्ही मोबाईलवर फटाक्यांचा आवाज लावतो, सोबत खाऊ पण देतो, तरी हा कॉटखालून बाहेरच येत नाही." मी पुण्यात बरीच वर्षं घाबरट कुत्र्यांबरोबर काम करतेय आणि चूक बहुतेक घरांत तीच सापडते, खाऊ आधी आणि आवाज नंतर.

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत आधी मेट्रोनोमची (ठेका देणाऱ्या यंत्राची) टिकटिक, मग अन्न, असा क्रम होता. सगळं त्या क्रमावर अवलंबून आहे. कुत्रा नुसतं "या दोन गोष्टी एकत्र येतात" असं शिकत नाही, तो "याच्यानंतर ते येतं" हे शिकतो. क्रम उलटा केलात तर खाऊ हीच धोक्याची सूचना होऊन बसते.

कोथरूडला एका काकूंकडे गेले होते, त्यांचा मोती, चार वर्षांचा गावठी कुत्रा. काकूंनी महिनाभर अगदी मनापासून सराव केलेला, रोज संध्याकाळी फ्रिजमधून पनीरचा डबा काढायच्या, त्याला तुकडा भरवायच्या आणि तो चावत असतानाच मोबाईलवर लडीचा आवाज लावायच्या. म्हटलं, मला करून दाखवा. त्यांनी डबा काढला, झाकण टक् करून वाजलं आणि मोती शेपूट पोटाखाली घालून थेट बाथरूममध्ये, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून थरथरत बसला. आवाज अजून लावलाच नव्हता! काकू रडायलाच लागल्या, कारण पनीर म्हणजे त्याचा जीव की प्राण.

मग आम्ही पनीर आणि तो डबा दोन्ही बंद केलं, खोली बदलली, उकडलेलं चिकन आधीच टेबलावर झाकून ठेवायला सांगितलं म्हणजे पिशवीची चुरचुर पण नको, कारण कुत्रा ती चुरचुरसुद्धा पकडतो. आवाज जेमतेम ऐकू येईल इतका, दोन सेकंद, आणि मग चिकन. दिवसातून पाच-सात वेळा, तेही मधे चांगलं अंतर ठेवून, एका दमात तीस-चाळीस वेळा उरकायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात लडी हळूच वाजली की मोती मान वळवून काकूंच्या हाताकडे बघायला लागला. ही मान वळण्याची मी वाट बघते. ती दिसेपर्यंत मी आवाज एक काडीसुद्धा वाढवत नाही, कोणी कितीही घाई करू दे.

घाईवरून दुसरी चूक. "सवय होईल हळूहळू" म्हणून लोक लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुत्र्याला गच्चीवर घेऊन उभे राहतात. मला याचा खरंच राग येतो. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या छोट्या मुलाची सशाची भीती घालवली ती कशी, तर तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांबून थोडा थोडा जवळ आणत. ससा त्याच्या मांडीवर फेकला नव्हता! तुमचा कुत्रा हातातलं चिकन नाकारतोय, जीभ ओठांवरून फिरवतोय, जांभया देतोय, म्हणजे तुम्ही आधीच फार पुढे गेलाय, मागे या.

"घाबरलेला असताना खाऊ दिला की भीती वाढते" हे तर डोक्यातून काढूनच टाका. भीती हे काही त्याने मुद्दाम केलेलं काम नाही की बक्षीस मिळालं म्हणून तो जास्त करेल. याच कारणाने "आधी बस, मग देते" अशी अट पण घालू नका, इथे त्याने काहीच करायचं नाहीये, आवाज आला की चिकन येतं, बास.

महिनाभर ठीक होता आणि परत घाबरला म्हणून सोडून देऊ नका. विझलेली प्रतिक्रिया काही काळाने आपोआप परत डोकं वर काढते हे खुद्द पावलोव्हनेच नोंदवलंय. अशा वेळी मी दोन टप्पे मागे जाते, एवढंच.

फक्त हॉलमध्ये सराव करून थांबू नका. हॉलमध्ये शिकलेलं जिन्यात, पार्किंगमध्ये आपोआप चालत नाही, तिथे परत हळू आवाजापासून सुरुवात. शिवाय सुतळी बॉम्बचा दणका छातीत जाणवतो, तो मोबाईलच्या स्पीकरमधून येतच नाही, त्यामुळे मी नंतर मोठा स्पीकर घ्यायला लावते. नदीकाठी ढोल-ताशाचा सराव चालू असेल तर लांब उभं राहून चिकन भरवायला ती जागा पण छान, फक्त एवढं लांब की कुत्रा आरामात खाईल.

आणि दिवाळी दोन आठवड्यांवर आली असेल तर हे आत्ता सुरूच करू नका. अर्धवट सरावाच्या मधे खरा बॉम्ब फुटला की केलेलं पाण्यात जातं. यंदा व्हेटला भेटून औषधाचं विचारा, खिडक्या लावा, पंखा फुल करा, त्याच्याजवळ बसा. तुळशीची लग्नं उरकली, फटाके थांबले, की मग काढा तो स्पीकर.